मेंदूच्या जन्मजात विकृती : जननिक कारणे

गर्भावस्थेत मेंदूची घडण अपुरी राहिल्यामुळे, तीत खंड पडल्यामुळे अथवा कोशिका (पेशी) आपल्या नियत जागी न पोहोचल्यामुळे जन्मतःच जे रचनादोष असतात, त्यांना मेंदूच्या जन्मजात विकृती असे म्हणतात. कवटीचा वरचा भाग व मोठा मेंदू यांचा अभाव, डोके फार लहान किंवा फार मोठे असणे, पाठीच्या कण्यावर उघडा फुगवटा असणे यांसारख्या विकृती जन्मताच दिसतात. पुष्कळशा मात्र दिसत नाहीत. मूल पाच-सहा महिन्यांचे झाले तरी मान धरत नाही, वर्षाचे झाले तरी बसत नाही, आकड्या येतात, बोल फुटत नाही, अशा तक्रारींवरून त्यांचा सुगावा लागतो. याखेरीज काही मुलांच्या मेंदूची रचना जवळजवळ प्राकृत (सर्वसाधारण) असते. परंतु तंत्रिका कोशिकांमधील (मज्जापेशींमधील) जोडण्या किंवा रासायनिक व्यवहार सदोष असतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता व बालवयात सुरू होणाऱ्या अपस्माराचे काही प्रकार अशा दोषांतून उद्‌भवतात व त्यांना विकासविकार म्हणतात. एकाच जीनमधील (आनुवंशिक घटकातील) निरनिराळ्या बदलांमुळे एका मुलात रचनादोष, तर दुसऱ्यात केवळ विकासविकार दिसू शकतो; म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणे सोयीचे ठरते.

जन्मजात, जननिक व आनुवंशिक हे तीन शब्द बोलण्यात एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांचे अर्थ भिन्न आहेत आणि ही भिन्नता लक्षात न घेतल्याने कुटुंबांचे फार नुकसान होते. जन्माच्या वेळी असलेला दोष तो जन्मजात. जीन किंवा गुणसूत्र (जीन वाहून नेणारा कोशिकेतील सुतासारखा घटक) यांतील बदलामुळे झालेला तो जननिक. आणि आईवडिलांकडून आलेला तो आनुवंशिक. जन्मजात विकृती जननिक असेलच असे नाही. गर्भारपणात झालेला विषाणुसंसर्ग, अनियंत्रित मधुमेह, मद्य किंवा अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट हे औषध यांमुळेही गर्भाच्या मेंदूची हानी होते. ब्राझीलमध्ये २०१५-१६ साली झिका विषाणूमुळे फार लहान डोक्याची मुले जन्मास आली. महाराष्ट्रात या विषाणूचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर येथे आढळला. उलटपक्षी जननिक विकृतीदेखील आनुवंशिक असेलच असे नाही. बदल आईवडिलांत मुळीच नसून त्या एका गर्भातच नव्याने घडलेला असू शकतो. पुढच्या अपत्याला धोका किती, हे या भेदावर अवलंबून असते.

मेंदूची घडण : गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाच्या पाठीकडील कोशिकास्तराला पन्हळीसारखी खोलगट घडी पडते. तिच्या कडा एकमेकींना मिळून तंत्रिका नलिका तयार होते व सु. २८ व्या दिवसापर्यंत ती दोन्ही टोकांना बंद होते. वरचे टोक उघडे राहिल्यास अमस्तिष्कता (मोठा मेंदू व कवटीचा माथा यांचा अभाव) व खालचे उघडे राहिल्यास द्विभंग मेरू ही विकृती होते. पुष्कळ स्त्रियांना या वेळी आपण गर्भवती असल्याची खात्रीही झालेली नसते. नलिकेच्या पुढील टोकापासून पाचव्या-सहाव्या आठवड्यात मोठ्या मेंदूचे दोन अर्धगोल निघतात. ही विभागणी न झाल्यास मेंदू एकसंध राहतो. या विकृतीस कारणीभूत असणाऱ्या जीनांपैकी ‘सॉनिक हेजहॉग’ या जीनचा संबंध १९९६ मध्ये सिद्ध झाला. त्यातील एकच बदल एखाद्या कुटुंबात बाळाच्या मृत्यूस कारणीभूत होतो, तर तोच बदल बाळगणाऱ्या आईस किंवा वडिलांस फक्त वरच्या जबड्यात मधोमध एकच पटाशीचा दात असतो. दात पाहून मेंदूच्या विकृतीचे मूळ सापडावे, अशी उदाहरणे वैद्यकात फार नाहीत.

यानंतर कोशिकांची संख्या वाढते. प्रौढ मानवी मेंदूत सु. ८६ अब्ज तंत्रिका कोशिका असतात व त्यांपैकी सु. १६ अब्ज मोठ्या मेंदूच्या बाह्यकात (पृष्ठभागावरील करड्या थरात) असतात. त्या सर्व मेंदूच्या आतील पोकळ्यांच्या कडेला असलेल्या जनक कोशिकांपासून निर्माण होतात. आरंभी प्रत्येक जनक कोशिकेच्या विभाजनातून दोन जनक कोशिकाच निघतात व भांडवल वाढत जाते. पुढे एक जनक व एक तंत्रिका कोशिका अशी विभागणी सुरू होते. हा पालट वेळेपूर्वी झाला, तर भांडवलच कमी पडते व मेंदू आकाराने लहान, परंतु बहुतांशी सुघटित असा राहतो. ही प्राथमिक सूक्ष्मशीर्षता होय. ती घडविणाऱ्या जीनांपैकी ‘एएसपीएम’ या जीनमधील उत्परिवर्तने (आकस्मिक बदल) सर्वांत जास्त प्रमाणात आढळतात. कोशिकाविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढून वेगळी करणाऱ्या तर्कूच्या कार्याशी हा जीन निगडित असून त्याचा शोध २००२ मध्ये लागला. झिका विषाणू मुख्यतः याच जनक कोशिकांवर हल्ला करतो. त्यामुळे दोन्ही कारणांनी डोके लहान राहते. मात्र विषाणूने झालेल्या हानीत मेंदूत चुनखडीचे साठे व व्रण आढळतात, तर जननिक प्रकारात ते सामान्यतः आढळत नाहीत.

तिसरी अवस्था स्थलांतराची. नव्या कोशिका आधारतंतूंच्या साहाय्याने आतून पृष्ठभागाकडे सरकतात व बाह्यकाचे सहा थर रचतात. आधी निघालेल्या कोशिका खोल थरात राहतात आणि मागाहून निघालेल्या त्यांना ओलांडून वरच्या थरात जातात. हा प्रवास मुख्यतः गर्भारपणाच्या तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत होतो. तो अडला म्हणजे पृष्ठभागावर वळ्या पडत नाहीत व मेंदू गुळगुळीत राहतो. त्यास मसृणमस्तिष्कता म्हणतात. सतराव्या गुणसूत्रावरील ‘लिस-१’ हा जीन (१९९३) व एक्स गुणसूत्रावरील ‘डबलकॉर्टिन’ हा जीन (१९९८) ही तिची दोन प्रमुख कारणे आहेत. यांपैकी दुसऱ्याचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. पुरुषात एक्स गुणसूत्र एकच असल्याने दोष असलेल्या मुलाचा मेंदू गुळगुळीत होतो. स्त्रीमध्ये दोन एक्स गुणसूत्रे असून प्रत्येक कोशिकेत त्यांपैकी एकच कार्यरत असते. त्यामुळे काही कोशिका नीट पोहोचतात व काही वाटेतच थांबतात आणि नेहमीच्या बाह्यकाखाली आणखी एक करडा पट्टा तयार होतो. अशा स्त्रीस आकड्या येतात किंवा काहीच त्रास होत नाही. तिच्या मेंदूचे एमआरआय चित्रण होईपर्यंत मुलाच्या रोगाचे मूळ तिच्यात आहे हे कळत नाही.

या तीन अवस्थांनंतर अर्धगोलांना जोडणारा महासंयोजी पिंड, लहान मेंदू, तंतूंवरील वसावरण व कोशिकांमधील जोडण्या यांची वाढ होते व ती जन्मानंतर कित्येक वर्षे चालू राहते. त्यांतील दोषांची यादी मोठी आहे. मुलींमध्ये प्रामुख्याने आढळणारा रेट विकार येथे उल्लेखनीय आहे. त्यात सहा ते अठरा महिन्यांपर्यंत बरी वाढलेली मुलगी शिकलेले शब्द व हातांचा उपयोग विसरत जाते. ‘एमईसीपी-२’ या जीनमधील बदल त्यास कारण असल्याचे १९९९ मध्ये दिसून आले. तो बदल बहुधा नवोत्पन्न असतो. तेव्हा ‘मूल चांगले होते, मग आनुवंशिक कसे ?’ या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर ‘जननिक आहे, परंतु बहुतेक वेळा आनुवंशिक नाही’ असे द्यावे लागते.

संक्रमणाचे प्रकार : गुणसूत्रांची संख्या किंवा रचना बदलल्याने होणाऱ्या विकारांत डाउन विकार सर्वांत परिचित आहे. एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असल्याचे झेरोम लझन व त्यांचे सहकारी यांनी १९५९ मध्ये दाखविले. सु. शेकडा ९५ रुग्णांत हे अंडकोशिका किंवा शुक्राणू तयार होतानाच्या चुकीमुळे होते. आईच्या वयाबरोबर ही शक्यता वाढते : विशीत सु. दीड हजार जन्मांमागे एक, पस्तिसाव्या वर्षी सु. साडेतीनशे जन्मांमागे एक व चाळिसाव्या वर्षी सु. शंभरामागे एक. उरलेल्यांपैकी बहुतेकांत एकविसाव्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्रास जोडलेला असतो व काही वेळा तो निरोगी आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. म्हणून आई तरुण असली, तरी मुलाची गुणसूत्र तपासणी टाळू नये.

एकाच जीनमुळे होणारे विकार तीन रीतींनी येतात. प्रभावी विकारात आईकडील किंवा वडिलांकडील एकच दोषयुक्त प्रत पुरेशी असते व प्रत्येक गर्भास निम्मा धोका असतो. अप्रभावी विकारात दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. आईवडील प्रत्येकी एक सदोष प्रत बाळगणारे निरोगी वाहक असतात व प्रत्येक गर्भास एकचतुर्थांश धोका असतो. एक्स-संलग्न विकारात वाहक आईच्या मुलग्यांना निम्मा धोका असतो. ‘एकचतुर्थांश’ याचा अर्थ एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन निरोगी होतील असा पुष्कळ कुटुंबांत घेतला जातो. तो चुकीचा आहे. दर गर्भारपणी फासे नव्याने पडतात.

नवोत्पन्न उत्परिवर्तनांचे महत्त्व गेल्या काही दशकांतच कळून आले. ब्रिटनमधील हजारो कुटुंबांच्या पाहणीवरून २०१७ मध्ये असा अंदाज करण्यात आला, की आईवडिलांच्या वयानुसार सु. ४४८ ते २१३ जन्मांमागे एका मुलात नवोत्पन्न उत्परिवर्तनामुळे विकासविकार होतो. शुक्राणू जन्मभर नव्याने तयार होत असल्यामुळे जीनातील असे बदल वडिलांच्या वयाबरोबर वाढतात. सर्व दोष आईच्या माथी मारण्याच्या रूढीला हे उत्तर होय. अशा कुटुंबात पुढच्या अपत्यास धोका सामान्यतः शेकडा एकच्या आसपास असतो. तो शून्य नसतो. कारण आईच्या किंवा वडिलांच्या काही जननकोशिकांत तोच बदल लपलेला असू शकतो. मेंदूचा एकच अर्धगोल अतोनात वाढण्याच्या विकृतीत बदल पुष्कळदा गर्भाच्या केवळ काही मेंदूकोशिकांत असतो. तो रक्ततपासणीत सापडत नाही व पुढच्या भावंडांनाही बाधत नाही.

तंत्रिका नलिकेचे दोष या कोष्टकात बसत नाहीत. त्यांत अनेक जीन व आहार यांचा संयुक्त वाटा असतो. एक मूल असे झाले असल्यास पुढच्यास धोका शेकडा तीन-चार असतो. असा इतिहास असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिग्रॅ. फॉलिक अम्ल दिल्यास धोका सु. शेकडा ७० ने कमी होतो, असे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने सात देशांत केलेल्या चाचणीत १९९१ मध्ये आढळले. इतर स्त्रियांना रोज ०·४ मिग्रॅ. पुरते. जननिक कल असूनही प्रतिबंध करता येतो, असे हे ठळक उदाहरण आहे.

नातेसंबंधातील व जातींतर्गत विवाह : अप्रभावी विकारांचे प्रमाण विवाहपद्धतीवर अवलंबून असते. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तरेकडील व दक्षिणेकडील पद्धतींच्या संधिप्रदेशात येतो, असे दाखविले आहे. उत्तरेत जवळच्या नात्यातील विवाह निषिद्ध असतात. महाराष्ट्रात पुष्कळ जातींत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. मुंबईतील बारा अंतर्विवाही गटांमधील अशा विवाहांची पाहणी एल. डी. संघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. आते-मामे भावंडांच्या अपत्यात कोणत्याही जीनच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता १/१६, तर मामा-भाचीच्या अपत्यात १/८ असते. ब्रिटनमधील पाहणीत यूरोपीय वंशाच्या रुग्णांपैकी शेकडा ३·६ जणांतच विकासविकाराचे कारण अप्रभावी जीन होते. नात्यातील विवाह अधिक असणाऱ्या पाकिस्तानी वंशाच्या रुग्णांत हे प्रमाण शेकडा ३१ होते. तथापि अतिशयोक्ती नको. सर्वसाधारण दांपत्याच्या अपत्यास गंभीर जन्मजात विकृतीचा धोका शेकडा दोन ते तीन असतो व आते-मामे भावंडांच्या विवाहात त्यात जवळपास तेवढीच भर पडते. म्हणजे अशा दांपत्यांची फार मोठी संख्या निरोगी मुलांचीच असते आणि नेमके यामुळेच ‘आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या असेच होते, काही बिघडले नाही’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

नाते टाळले म्हणजे धोका टळला, असेही नाही. याचे उत्तम उदाहरण मुंबईतूनच पुढे आले. बाँबे हॉस्पिटलमधील तंत्रिकातज्ञ भीम सेन सिंघल व त्यांचे सहकारी यांनी अग्रवाल समाजातील मुलांत आढळणाऱ्या एका विकाराचे वर्णन १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. या मुलांचे डोके पहिल्या वर्षातच फार मोठे होते. पुढे चालताना तोल जाणे, पाय ताठणे व आकड्या येणे ही लक्षणे हळूहळू दिसू लागतात. बुद्धी मात्र त्या मानाने बरीच टिकून राहते. एमआरआय चित्रणात मोठ्या मेंदूतील श्वेत द्रव्य सुजलेले व शंखप्रदेशाच्या पुढील भागात द्रवयुक्त पुटी दिसतात. नेदरलँड्समधील मार्जो व्हान डर क्नाप यांनी १९९५ मध्ये वर्णिलेला विकार हाच होय. त्याचा ‘एमएलसी-१’ हा जीन बाविसाव्या गुणसूत्रावर २००१ मध्ये सापडला आणि अग्रवाल रुग्णांत त्याचे एकच समान उत्परिवर्तन असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले. हा समाज विवाहात गोत्र कटाक्षाने टाळतो. पण विवाह समाजातच होत असल्याने कोण्या एका दूरच्या पूर्वजात उद्‌भवलेला बदल अनेक गोत्रांत पसरला व दोन अपरिचित वाहक एकत्र येऊ लागले. यास मूळपुरुष परिणाम म्हणतात. गोत्र पित्याकडून मोजले जाते. जीन आई व वडील या दोघांकडूनही येतात. उत्परिवर्तन एकच असल्याने त्याची तपासणी सोपी व स्वस्त होते, हा त्यातील लाभ. अंतर्विवाही गट जेथे जेथे आहेत, तेथे तेथे असे परिणाम संभवतात. ते एका समाजाचे वैगुण्य नव्हे.

निदान : प्रथम कुटुंबाची तीन पिढ्यांची वंशावळ काढतात. गर्भपात, मृतजन्म व लहानपणी दगावलेली मुले तीत नोंदणे आवश्यक असते. घरची मंडळी ती बहुधा विचारल्याशिवाय सांगत नाहीत. नंतर डोक्याच्या घेराचे मापन, आईवडिलांची तपासणी व एमआरआय चित्रण करतात. चित्रणावरून विकृतीचा प्रकार ठरला, की कोणती जननिक तपासणी करावयाची हे ठरते : गुणसूत्रांची तपासणी, त्यांतील सूक्ष्म लोप शोधणारी मायक्रोॲरे तपासणी अथवा सर्व जीनांच्या सांकेतिक भागांचे वाचन करणारी एक्झोम तपासणी. एवढे करूनही पुष्कळ मुलांत कारण सापडत नाही. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आल्यास त्यावरून गर्भपातासारखा निर्णय घेऊ नये.

पुढील गर्भारपणात, कुटुंबातील बदल निश्चित ठाऊक असेल, तर अकराव्या आठवड्यानंतर गर्भवेष्टनाचा किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलाचा नमुना घेऊन निदान करता येते. केवळ श्राव्यातीत चित्रणावर (सोनोग्राफीवर) विसंबण्यास मर्यादा आहेत. अमस्तिष्कता बाराव्या आठवड्याच्या सुमारास दिसते. महासंयोजी पिंड अठरा-वीस आठवड्यांपूर्वी पारखता येत नाही. आणि मेंदूच्या वळ्या मुळात उशिरा पडत असल्याने गुळगुळीत मेंदूचा संशय पुष्कळदा चोविसाव्या आठवड्यानंतरच येतो. गर्भपातविषयक कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर विकृती असल्याचे निदान केल्यास आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. मात्र मंडळासमोर जाण्यास लागणारा वेळ व खर्च ग्रामीण कुटुंबास जड जातो.

याच तंत्राचा दुरुपयोग महाराष्ट्राने पाहिला आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा या राज्याने १९८८ मध्ये केला व केंद्रीय कायदा १९९४ मध्ये झाला. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली होत्या. कायद्याने जननिक विकृतींच्या निदानास परवानगी दिली आहे. कुटुंबाने तपासणीची मागणी विकृतीसाठी केली तरी लिंग सांगता येत नाही, हे समुपदेशनात आरंभीच स्पष्ट करावे लागते. मुलग्यांनाच होणाऱ्या एक्स-संलग्न विकारांत ही गोष्ट विशेष नाजूक ठरते.

ग्रामीण भागातील अडचणी : केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या बीड जिल्ह्यातील गावात वरील सर्व ज्ञानाचा उपयोग होण्यात अनेक अडथळे येतात. या जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हजारो जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. फॉलिक अम्लाचा उपयोग गर्भधारणेच्या आधी व पहिल्या महिन्यात असतो. गर्भवतीची नोंद होऊन गोळ्या हाती पडेपर्यंत तंत्रिका नलिका बंद होण्याची वेळ निघून गेलेली असते. ऊसतोड कुटुंबांच्या बाबतीत त्या गोळ्या दिवाळीपूर्वी, गाव सोडण्याआधी, नवविवाहितांना देणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वये (२०१३) आरोग्य पथकांनी अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करावयाची असते. पण फडावर गेलेले मूल एका फेरीत सापडतच नाही.

विकृत मूल जन्मल्यास ग्रहण पाळले नाही, विळी-कात्री हाती धरली, असे आईला ऐकविले जाते. ग्रहणाचा गर्भाच्या मेंदूशी काहीही संबंध नाही. याची दुसरी बाजू अशी, की कारण ‘कळलेले’ असल्याने पुढे तपासणीच होत नाही व त्याच घरात दुसरे, तिसरे मूल तसेच जन्मते. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय या परिसराला जवळचे आहे. जननिक तपासण्यांसाठी मात्र सामान्यतः मोठ्या शहरांकडे जावे लागते. दुर्मिळ आजारांविषयीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणान्वये मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे राज्यातील उत्कृष्टता केंद्र ठरविण्यात आले.

उपचार : घडण बिघडलेला मेंदू पुन्हा घडविता येत नाही. परंतु जलशीर्षात साठलेला द्रव नलिकेने पोटात सोडणे, उघडा फुगवटा शस्त्रक्रियेने बंद करणे, आकड्या औषधांनी आवरणे व व्यायामोपचार लवकर सुरू करणे यांनी मुलाच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. कंदयुक्त काठिण्य या विकारात दोष नेमका कोणत्या रासायनिक मार्गात आहे हे कळल्यामुळे मेंदूतील गाठी व आकड्या यांवर एव्हरोलिमस हे औषध उपलब्ध झाले. गलग्रंथीची जन्मजात न्यूनता हा तर मुलास मंदत्व आणणारा असा विकार आहे, की जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत ओळखून स्वस्त गोळी सुरू केल्यास मूल जवळजवळ प्राकृत वाढते. विलंबित वाढीच्या प्रत्येक मुलात तो प्रथम तपासला पाहिजे.

रुग्ण मूल वाचण्याची आशा नसली, तरी निदानाचा प्रयत्न सोडू नये. मूल दगावण्यापूर्वी दोन-तीन मिली. रक्त घेऊन त्यातील डीएनए साठवून ठेवल्यास तो अनेक वर्षे टिकतो व आईवडिलांची ऐपत होईल तेव्हा किंवा नवी तपासणी उपलब्ध होईल तेव्हा वापरता येतो. बाळाचे छायाचित्र, डोक्याचा घेर व एमआरआय चित्रण जपून ठेवावे. हे काही न ठेवता मूल गेले, तर पुढच्या गर्भारपणी आईवडिलांत काय शोधावयाचे हे नेमके ठरविता येत नाही.